‘स्वंग ऑन लँडिंग’ : आजोबांचा दोष किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आजोबा १९५२ मध्ये अंबाल्याला हवाई दलात हार्वर्ड या ट्रेनिंगच्या विमानावर शिकत होते, लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, एका तारखेसमोर ‘स्वंग ऑन लँडिंग, पोर्ट अंडरकॅरेज कोलॅप्स्ड’ (उतरताना विमान गर्रकन फिरलं, डाव्या चाकाचा पाय मोडला) एवढीच ओळ आहे, सोबत एक जुना फोटो आहे ज्यात विमान डाव्या पंखावर टेकून बसलंय, आणि घरात काकांपासून सगळे हेच सांगत आलेत की आजोबा घाबरले, विमान आपटलं, म्हणून फायटर मिळालं नाही आणि डाकोटावर, म्हणजे माणसं-सामान वाहणाऱ्या विमानावर, रवानगी झाली. यात खरं किती, असं तुम्ही विचारलंय.

मी १९६५-६६ ला हार्वर्डवर शिकलो, पुढे काही वर्षं त्याच विमानावर मागच्या सीटवर बसून पोरांना शिकवलं. तुम्ही टाकलेली लॉगबुकाची दोन पानं आणि फोटो मी काल रात्री भिंग घेऊन बघितला. आजोबा घाबरल्याची एकही खूण मला त्यात दिसली नाही. रडरच्या पेडलवर पाय उशिरा पडला, हे मात्र खरं, ते मी लपवणार नाही. पण हार्वर्डवर ज्याचा पाय एकदाही उशिरा पडला नाही असा पायलट मला आयुष्यात भेटला नाही, आणि त्यात मी पण आलो.

आता हे स्वंग म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण घरच्यांना वाटतं तसं हे ‘आपटणं’ नाहीच. विमान व्यवस्थित टेकलेलं असतं. प्रॉब्लेम टेकल्यानंतर सुरू होतो. हार्वर्डला पुढे दोन मोठी चाकं आणि अगदी मागे शेपटीखाली एक छोटं चाक, म्हणजे विमानाचं बहुतेक वजन मोठ्या चाकांच्या मागे. तुम्ही कधी ऊसाची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरने रिव्हर्स घेताना बघितलीये का? पुढे ओढताना ती आपोआप सरळ येते, पण रिव्हर्सला जरा तिरकी झाली की ती तिरकीच होत जाते, ड्रायव्हरने वेळेत स्टिअरिंग नाही मारलं तर घडी घालून आडवी उभी राहते. शेपटीच्या चाकाचं विमान रनवेवर धावताना तसंच वागतं. नाक एक-दोन अंश फिरलं की मागचं वजन सरळच जायला बघतं, चाकं अडवतात, मग शेपूट बाहेर फेकली जाते आणि नाक अजून फिरतं, जितकं फिरेल तितका फिरायचा जोर वाढतो. याला आम्ही ग्राउंड लूप म्हणायचो, कागदावर ‘स्वंग’ लिहायचे. दोन अंशांना पायाने नुसतं टोचलं तरी भागतं. दहा अंशांना पूर्ण रडर (शेपटीवरचं उभं पान, जे पायाने फिरवायचं) आणि ब्रेक लागतो. त्याच्यापुढे गेलं की तुम्ही प्रवासी.

आणि हे सगळं दोन-तीन सेकंदात होतं. यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

हार्वर्डचं म्हणाल तर विमान अमेरिकन, नॉर्थ अमेरिकन कंपनीचं, तिकडे नाव टेक्सन, आपल्याकडे आणि इंग्लंड-कॅनडात हार्वर्ड. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर मिळून १५,००० च्या वर बनली, अर्ध्या जगाचे पायलट त्याच्यावर तयार झाले, दक्षिण आफ्रिकेने तर १९९५ पर्यंत वापरलं. पुढे ९ सिलिंडरचं प्रॅट अँड व्हिटनी वॉस्प इंजिन, ६०० हॉर्सपॉवर. पंखा दोन पात्यांचा, फुल पॉवरला त्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात म्हणून तो कर्कश आवाज, ज्याने ऐकलाय तो विसरत नाही. टेकायचा वेग तसा फार नाही, तासाला ६०-७० मैल. पण टेकताना नाक वर असतं, समोर नुसतं इंजिनचं गोल झाकण दिसतं, रनवे दिसतच नाही, सरळ चाललोय की नाही हे दोन्ही बाजूंच्या कडा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून ठरवायचं. मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला तर समोर शिकाऊ पोराचं डोकं आणि सीटची पाठ, बास.

त्यात वेग कमी होतो तसं रडर मरत जातं. रडर हवेवर चालतं, हवा कमी तर जोर कमी. थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पॉवर, बंद केला की पंख्याचा वारा पण गेला. शेपूट खाली असल्यामुळे पुढचं अंग तिला थोडं झाकतं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी पायाखालचं हत्यार बोथट होतं, आणि ब्रेक अजून नीट लागू होण्याइतका वेग उतरलेला नसतो, जोरात मारला तर विमान नाकावर उभं राहील ही भीती. या मधल्या टप्प्यात बहुतेक ग्राउंड लूप व्हायचे. टेकणं झक्कास झालं, पोरगं मनात खूश झालं, पाय सैल सोडले, आणि गेलं. आमचे जुने इन्स्ट्रक्टर म्हणायचे की डिस्पर्सलला (विमानं उभी करायच्या जागेला) चाकांना चॉक्स, म्हणजे अडकण, लागेपर्यंत लँडिंग चालूच आहे असं धर.

आणखी एक गोष्ट जी कोणी फारशी सांगत नाही, ती म्हणजे जमीन. युद्धाआधी बरेचसे एरोड्रोम म्हणजे मोठं गवताचं मैदान असायचं, वारा ज्या बाजूचा त्या बाजूला तोंड करून उतरायचं, आडवा वारा हा प्रकारच जवळपास नाही. विमानं पण त्याच हिशोबाने घडलेली. मग युद्धात जड बॉम्बर आले, पावसाळ्यात पण उडायचं होतं, म्हणून सगळीकडे काँक्रीट आणि डांबराच्या पट्ट्या टाकल्या. पट्टी एकदा टाकली की तिची दिशा कायमची, वारा मात्र त्याला वाटेल तिकडून येणार. शिवाय गवतावर चाक थोडं घसरतं, तिरकं टेकलं तरी माफ होतं, डांबरावर रबर पकडतं आणि सगळा झटका पायाला, म्हणजे विमानाच्या लँडिंग गिअरला बसतो. तेव्हा युद्धानंतर शिकणाऱ्या मुलांच्या वाट्याला विमान आलं मैदानाच्या जमान्यातलं आणि खाली धावपट्टी आली नव्या जमान्याची. मला नेहमी वाटतं की त्या वर्षांतल्या ‘पायलट एरर’ लिहिलेल्या किती ओळी खरं तर या बदलाच्या नावावर टाकायला हव्या होत्या.

आजोबांच्या पानावर त्याआधीचे तास टायगर मॉथचे आहेत, बघा. टायगर मॉथ म्हणजे १३० हॉर्सपॉवर, कापडाचे पंख, ब्रेकच नाहीत, आणि शेपटीला बहुतेक विमानांवर चाकाऐवजी नुसता लोखंडी स्किड जो गवतात घासत जातो आणि नांगरासारखा विमानाला सरळ ठेवतो. तिथून उठून पोरगं डायरेक्ट ६०० हॉर्सपॉवरवर, आत ओढली जाणारी चाकं, फ्लॅप, पिच, मिक्श्चर, आणि शेपटीला गुळगुळीत फिरणारं चाक. पहिल्या महिन्यात डोकं हातातल्या कामांनीच भरलेलं असायचं, पायांसाठी जागाच नसायची.

पायांवरून आठवलं. आमच्या पिढीची बहुतेक पोरं सायकलवर वाढलेली. सायकलचं डावं हँडल पुढे ढकललं तर सायकल उजवीकडे जाते. रडरचं बरोबर उलटं, डावा पाय पुढे दाबला की नाक डावीकडे. शांतपणे उडताना हे चार दिवसात जमतं, पण विमान अचानक फिरलं आणि मेंदूने विचार करणं सोडलं की अंग जुन्या सवयीवर जातं. मी मागच्या सीटवरून कितीदा बघितलंय, विमान उजवीकडे चाललंय आणि पोरगं स्टिक डावीकडे ओढतंय, गाडीचं स्टिअरिंग असल्यासारखं. त्याने जमिनीवर दिशा बदलत नाहीच, उलट वाऱ्याकडचा पंख अजून उचलला जातो.

आता फोटोकडे येतो.

विमानाचा डावा पाय मोडलाय, डावं टोक जमिनीत, म्हणजे जोर डाव्या बाजूला आला, म्हणजे विमान उजवीकडे फिरलं. हे अनेकांना उलटं वाटतं पण बसमध्ये उजवं वळण आलं की आपण डावीकडे कलतो ना, तसंच. हार्वर्डचे पाय आतल्या बाजूला, पोटाकडे दुमडतात. उजवीकडे गर्रकन फिरताना डाव्या चाकाला डांबर आतल्या दिशेनेच ढकलतं, म्हणजे ज्या बाजूला तो पाय एरवी दुमडतो त्याच बाजूला. लॉक तुटला की पाय पंखाखाली जातो आणि पंख खाली बसतो. फोटोत अगदी तेच दिसतंय.

मग उजवीकडे का फिरलं? मागे गवतापलीकडे वाऱ्याचा मोजा दिसतोय, भिंगाशिवाय नाही दिसणार. तो रनवेच्या आडवा आणि चांगला भरलेला आहे, वारा उजवीकडून. फोटो नंतर काढलाय त्यामुळे त्या क्षणी वारा हाच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण जुळतंय. शेपटीचं उभं पान मोठं असतं, उजवा वारा त्याला डावीकडे ढकलतो आणि नाक उजवीकडे, वाऱ्याकडे वळतं. दुसरं असं, पंखा कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, पॉवर असेल तेव्हा नाक डावीकडे जायला बघतं, म्हणून उतरताना थोडी पॉवर ठेवलेली असेल तर उजवा पाय हलका दाबून ठेवावा लागतो. टेकायच्या वेळी थ्रॉटल बंद केला की ती डावी ओढ गेली, पण उजवा पाय जर तिथेच राहिला तर? वारा पण उजवीकडे वळवतोय आणि स्वतःचा पाय पण. विसरलेला उजवा पाय आम्ही रोज बघायचो, चांगल्या चांगल्या मुलांत.

पंखा बघा. दोन पात्यांपैकी एक मागे वाकलंय, दुसरं जवळपास सरळ. पॉवर चालू असताना पातं जमिनीला लागलं तर टोकं साधारण पुढच्या बाजूला कुरळी होतात आणि दोन्ही पात्यांचे हाल होतात. इथे इंजिन अगदी मंद फिरत होतं किंवा थांबायच्या बेतात होतं. म्हणजे आजोबांनी थ्रॉटल उघडला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो, विमान हातातून जातंय असं वाटलं की डावा हात पुढे, फुल पॉवर. कमी वेगात अचानक ६०० हॉर्सपॉवर दिली तर इंजिनच्या पिळामुळे विमान डाव्या पंखावर उलटतं, नाक डावीकडे उचलतं, आणि असे प्रसंग फोटो दाखवण्यासारखे नसतात. त्यांनी थ्रॉटल बंद ठेवला आणि जे व्हायचं ते जमिनीवर होऊ दिलं. कॉकपिटची काच मागे सरकवलेली आहे, आत कोणी नाही, ते स्वतः चालत बाहेर आले असणार.

शेपटीचं चाक पूर्ण आडवं झालंय ते पण दिसतंय. ते रडरबरोबर ठराविक कोनापर्यंतच फिरतं, त्याच्यापुढे गेलं की मोकळं सुटतं, खुर्चीच्या चाकासारखं. एकदा सुटलं की डाव्या पायाने कितीही दाबा, चाक ऐकत नाही. त्यांनी दाबला असेल, माझी खात्री आहे.

हे इतकं खात्रीने सांगतोय कारण माझं पण झालंय. सोलो होतो, दुपारची वेळ, टेकलो इतकं मऊ की चाकं लागलेली कळलं पण नाही, आणि मनात आलं की आता टॉवरमधले बघत असतील. तेवढा एक विचार. डोळ्याच्या कोपऱ्यातली गवताची कड अचानक समोर आली. डावा पाय पार फळीपर्यंत मारला, ब्रेक मारला, काही नाही. मग एक मोठा झोका, खांदा कॉकपिटच्या कडेला आदळला, धूळ, आणि एकदम शांत. इंजिन बंद पडलेलं, आणि त्या शांततेत पॅनलमागच्या जायरोंचा (दिशा दाखवणाऱ्या यंत्रांतल्या फिरत्या चकत्यांचा) आवाज येत होता, हळूहळू उतरत जाणारी बारीक शिट्टी. तो आवाज आजही कानात आहे. माझ्या विमानाचा पाय मोडला नाही, पंखाचं टोक घासलं एवढंच, कारण माझं विमान घसरत गवतात गेलं. आजोबांचं डांबरावरच राहिलं. कौशल्याचा फरक नव्हता, वीस फूट इकडे-तिकडे.

माझ्या इन्स्ट्रक्टरने मला त्याच संध्याकाळी दुसऱ्या विमानात बसवलं. एक शब्द बोलले नाहीत. सहा लँडिंग केली, प्रत्येक वेळी मागून फक्त ‘पाय... पाय... पाय’ असं, मंत्रासारखं.

आता काकांचा डाकोटाचा मुद्दा. इथे मला खरंच वाईट वाटलं, कारण घरात इतकी वर्षं हे शिक्षा म्हणून सांगितलं गेलं. डाकोटाचं तिसरं चाक कुठे असतं? शेपटीखाली! ते पण शेपटीच्याच चाकाचं विमान, हार्वर्डच्या पाचपट वजनाचं, मागे माणसं आणि सामान भरलेलं. ज्याला विमान सरळ ठेवता येत नाही असं ट्रेनिंगवाल्यांचं मत झालं असतं, त्याला त्यांनी डाकोटा कशाला दिला असता? घरीच पाठवलं असतं, तसे पुष्कळ जण जायचे. आणि डाकोटा म्हणजे काय होतं त्या काळात ते पण बघा. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला पहिले शीख जवान उतरले ते डाकोटातून. मे १९४८ मध्ये हवाई दलाच्या मेहर सिंगांनी लष्कराच्या जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या वाळूच्या पट्टीवर पहिलं विमान उतरवलं, ते डाकोटाच. चार वर्षांनी त्याच ट्रान्सपोर्टच्या लोकांत कोणाला पाठवलं तर ती रवानगी नाही हो. कोणाला कुठे जागा होती, कोणाची उंची किती, कोणाचा स्वभाव कसा, अशा साध्या गोष्टींवर वाटप व्हायचं.

पुढे जगाने उपाय शोधला तो विमानातच, तिसरं चाक नाकाखाली आणलं. अमेरिकेने टी-२८ तसंच बनवलं, इंग्लंडने १९५५ पासून जेट प्रोव्होस्टवर पोरांना शिकवायला घेतलं, आपल्याकडे व्हॅम्पायर जेटला नाकाखाली चाक होतं आणि पुढे किरण या ट्रेनिंगच्या जेटला. वजन चाकांच्या पुढे आलं की ट्रॉली पुढे ओढल्यासारखं, विमान स्वतःच सरळ होतं. पायलटची पुढची पिढी काही आमच्यापेक्षा जास्त शहाणी जन्मली नव्हती, पण त्यांचे ग्राउंड लूप जवळपास बंदच झाले.

आपलं देशी ट्रेनिंगचं विमान एचटी-२ मात्र शेपटीच्या चाकाचंच होतं. १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं, डिझाइन आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटग्यांचं, जे जर्मनीत वायुगतीशास्त्राचे मोठे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. कोणी म्हणेल की मग त्यांनी नाकाखाली चाक का नाही दिलं. कारण पोरांना पुढे हार्वर्ड आणि मग स्पिटफायर, टेम्पेस्ट या फायटरवर जायचं होतं, सगळी शेपटीच्या चाकाची. सोप्या विमानावर शिकवून अवघड विमानावर सोडणं हे जास्त धोक्याचं झालं असतं. मी एचटी-२ वर शिकलोय आणि माझ्या पायात जे काही आहे ते त्या विमानाने घातलंय, म्हणून घाटग्यांचं नाव घेताना मला अजून अभिमान वाटतो.

शेवटी लॉगबुक. तुम्ही ज्या ओळीवर बोट ठेवलंय ती काळ्या-निळ्या साध्या शाईत आहे. आपल्याकडे पद्धती रॉयल एअर फोर्सच्या आलेल्या, निष्काळजीपणा ठरला तर लॉगबुकात लाल शाईने एंडोर्समेंट, म्हणजे शेरा, व्हायची, ती आयुष्यभर बरोबर राहायची. मी दोन्ही पानं आणि दिसत होता तेवढा समास बघितला, लाल काही नाही. तरी तुम्ही शेवटची पानं, जिथे असेसमेंट आणि सह्या असतात, ती एकदा उजेडात नीट बघा. तिथे पण लाल नसेल तर इन्क्वायरीने त्यांना निष्काळजी ठरवलं नाही, एवढं काकांना नक्की सांगा.

आणि त्या ओळीच्या खालच्या दोन ओळी तुम्ही वाचल्या नाहीत बहुतेक. दुसऱ्याच दिवशीची नोंद आहे, ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबर), सर्किट्स अँड लँडिंग्ज (रनवेभोवती फेरी मारून पुन्हा उतरायचा सराव), ४५ मिनिटं. त्याच्याखाली, त्याच तारखेला, सोलो, सर्किट्स अँड लँडिंग्ज, ३० मिनिटं. म्हणजे इन्स्ट्रक्टर पाऊण तास मागे बसला, मग उतरला, आणि विमान त्यांच्या एकट्याच्या हातात दिलं.